लढणाऱ्या जिवाचा आश्रय

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. घरात दुखणे येते, पाऊस दगा देतो, भाऊबंद बोलेनासे होतात. मग प्रार्थनेस बसलेल्या माणसाच्या तोंडून शब्द निघत नाही. तो हळूच विचारतो, "देव आमचा रक्षणकर्ता आहे, तर मनात हा झगडा का? आमचा विश्वास खोटा होता की काय?" अशा माणसास अविश्वासी ठरवून गप्प बसविणे सोपे आहे, पण ते मेंढपाळाचे काम नव्हे.

या प्रश्नाच्या मुळाशी एक गैरसमज आहे, असे आम्हांस वाटते. संकट दारापर्यंत न येणे म्हणजेच संरक्षण, असे आपण धरून चालतो. ताईत बांधणाराही हेच मागत असतो. जुना ताईत काढून त्या जागी देवाचे नाव बांधले, एवढाच जर आपला पालट असेल, तर पहिल्याच तापासरशी तो टिकणार नाही. पौलाने इफिसकरांस लिहिताना विश्वासास ढालीची उपमा दिली. घरी निजलेल्यास ढाल कोण देतो? ज्यास रणात उभे राहावयाचे आहे, त्यालाच ती देतात. तेव्हा मनात युद्ध चालले आहे, एवढ्यावरून देवाने आपल्याला टाकले असे समजू नये.

एलीयाचीच हकीकत पाहा. ती राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर त्याने देवाचे सामर्थ्य नुकतेच पाहिले होते. तरी ईजबेल राणीची धमकी येताच तो पळाला, आणि रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. एवढा मोठा संदेष्टा, पण पार खचला! देवाने त्यास दोष दिला नाही. आधी झोपू दिले. मग दूताकरवी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले, आणि तेही दोनदा. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेबास पोहोचला. तेथे वारा, भूमिकंप व अग्नी ही आली. पण त्यांपैकी कशातही परमेश्वर नव्हता. त्यानंतर अगदी हळू आवाज त्याच्या कानी पडला.

आपण एकटेच उरलो, अशी एलीयाची तक्रार होती. बआलापुढे गुडघे न टेकलेले 7000 जण इस्राएलात आहेत, असे देवाने त्यास सांगितले आणि पुन्हा कामावर पाठविले. ईजबेल अजून जिवंत होती, तिचा राग गेला नव्हता. पण एलीयास उभे राहण्याचे बळ मिळाले होते. देवाचे संरक्षण ते हेच.

आपल्याकडील पंडिता रमाबाईंचा अनुभव असाच बोधप्रद आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला, तरी खुद्द ख्रिस्त आपणास गवसला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानी आले, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले. त्या काळात त्यांनी शोध सोडला नाही व कामही सोडले नाही. 1889 साली मुंबईत शारदा सदन त्यांनी याच काळात उघडले.

म्हणून झगडणाऱ्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे. थकला असाल तर विसावा घ्या. आजाऱ्यास औषधपाणी करणे हा अविश्वास नव्हे. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा. तेथे दाविदाने आपले रडगाणेही देवापुढे मोकळेपणी मांडले आहे. उपासनेस येणे मात्र टाळू नका. एकटेपणी भय दुणावते.

आणि उपदेशक बंधूंनो, मूल तापाने फणफणत असता नातलगांच्या आग्रहास बळी पडून कोणी नवस बोलला, तर त्याचे दार टाळून पुढे जाऊ नका. दूताने आधी भाकर आणली, हे स्मरा. तुम्हीही त्याच्या ओसरीवर बसा, मुलाची विचारपूस करा, रात्री जागावयास माणूस द्या. बोलावयाचे ते मागून, हळू आवाजात बोला. देवाचा हात त्यास कदाचित तुमच्याच हातातून प्रथम जाणवेल.

प्रभू आपल्या लहानमोठ्या सर्व मंडळ्यांस हे बळ देवो.