अनुभव कोणाचा प्रमाण?



“अनुभवाशिवाय ज्ञान नाही” असे आपण दिंडीत, पारावर येताजाता म्हणतो. पण अनुभव म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार करू.

चार्वाकाने प्रत्यक्ष हे एकच प्रमाण मानले. नैयायिकांनी चार सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. विलायतेत सतराव्या शतकात जॉन लॉक या पंडिताने मांडले की, मन मुळात कोऱ्या कागदासारखे. त्यावर अक्षरे उमटतात ती अनुभवाची. पण डोळ्यांनी पाहिले म्हणजे अनुभवले, असे होते का हो?

आपल्या वर्ध्याचेच उदाहरण घ्या. १९३५ साली सूतकताईची मजुरी किती असावी, हा प्रश्न उभा राहिला. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, मग ती घेणार कोण, हा हिशेब कागदावर चोख होता. गांधीजींचे म्हणणे, आठ तास कातणाऱ्याला पोटापुरते मिळालेच पाहिजे. त्या सुमारास वर्ध्यालगत नालवाडीस विनोबाजी रोज तासन् तास कातीत आणि तेवढ्या मजुरीत निर्वाह होतो का, हे स्वतःच्या देहावर पाहत. सूत सर्वांनाच दिसत होते. मजुरीचे मोल मात्र पोटालाच कळले. पुढे चरखा संघाने दर वाढवले.

पण इथे एक मेख आहे, बरं का. विनोबाजींचे ते व्रत होते. मनात आणते तर सोडता आले असते. लेकरांसाठी कातणाऱ्या बाईला ती सोय नव्हती. एकादशीचा उपास आणि घरात दाणा नसणे, पोट दोन्हीकडे रितेच. परंतु एकादशी करणाऱ्याला उद्याचे पारणे ठाऊक असते.

मग दुसऱ्याचे दुःख कळावे कसे? न्यायभाष्यकार वात्स्यायन सांगतात: ज्याने वस्तू साक्षात् जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखेच लागू. तेव्हा मजुरीच्या प्रश्नात ती कातणारी बाईच आप्त, आणि तिचा शब्द प्रमाण! आपल्या स्वानुभवाचे काम इतकेच की, तिचे बोलणे ऐकण्याजोगा आपला कान तयार व्हावा.

आज आपल्या शिवारात कापूस वेचणारीची मजुरी बांधावर उभे राहून ठरते. शास्त्र सांगते, आधी तिला विचारा. आम्हां कीर्तनकारांनीही भुकेवर निरूपण करण्यापूर्वी तेच करावे.

रामकृष्णहरि.