कच्चं मडकं आणि हौमै



या महिन्यात आपण गाथा थोडी बाजूला ठेवून गुरू ग्रंथ साहिब वाचतोय. आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं त्यात आहेत, आणि त्या घरातल्या बाकीच्यांची ओळख करून न घेता नुसतं 'आमचे नामदेव, आमचे नामदेव' करत बसणं बरं दिसत नाही. आजचं चिंतन 'आसा दी वार'वर. ही वार गुरुद्वारात पहाटे गायली जाते. मी ती सध्या लोणावळा लोकलमध्ये वाचतो. तळेगावला चढलो की शिवाजीनगरपर्यंत निवांत वेळ मिळतो, अर्थात बसायला जागा मिळाली तर.

आजचा शब्द आहे 'हौमै'. हौं म्हणजे मी, मै म्हणजेही मी. म्हणजे 'मी-मी'. आपण मराठीत अहंकार म्हणतो तेव्हा ताठ मानेचा, मिशीला पीळ देणारा कोणीतरी डोळ्यांसमोर येतो. हौमै त्याहून बारीक आहे. 'माझ्यात अजिबात अहंकार नाही हं' म्हणणाऱ्याच्या आवाजात जे असतं, तीही हौमैच. गुरू नानकदेवांच्या श्लोकाचा आशय असा आहे की माणूस जन्मतो-मरतो, देतो-घेतो, खरं बोलतो, खोटं बोलतो, ते सगळं या हौमैतच. नीट बघा, यात फक्त वाईट कामांची यादी नाही. देणंसुद्धा आहे. खरं बोलणंसुद्धा आहे.

त्यानंतर लगेच दुसरे गुरू, अंगददेव येतात. ते म्हणतात, हा आजार जुनाट आहे खरा, पण त्याचं औषधही त्याच्याच आत आहे. गुरूची कृपा झाली आणि माणूस त्या शब्दाप्रमाणे वागू लागला की आजार हटतो.

माझं बोट तिथे अडकलं. आजारातच औषध कसं काय? मग हा 'मी', हा स्वार्थ, लोकांच्या भल्याला कामी येऊ शकतो का?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण नाहीये. माझ्या टीममध्ये एक सरदार मित्र आहे. जन्म देहूरोडचा, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ. दर रविवारी तो लंगरमध्ये प्रशादे लाटायला जायचा (लंगरमधल्या रोटीला प्रशादा म्हणतात). दोन महिने झाले, त्याने जाणं सोडलंय. कारण विचारलं तर म्हणाला, "लाटताना सारखं लक्ष जातं की कोण बघतंय. मागे एकदा सगळ्यांसमोर दुसऱ्याचं कौतुक झालं, माझं नाव राहिलं. दिवसभर टोचत होतं. ही कसली सेवा? मन साफ झालं की जाईन."

त्याच्या आजीला, बीजींना, हे अजिबात पटलेलं नाही. त्या त्याला म्हणतात, "मन धुवायला बसलास तर दुपार होईल. आधी परात धू."

दोघांचंही म्हणणं मला खोटं वाटत नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय.

आधी बीजींची बाजू घेऊ. पावसाळ्यात शनिवारी लोहगडाच्या पायथ्याशी एकसारखे टी-शर्ट घातलेले ग्रुप दिसतात. सीएसआरचा दिवस. तासभर प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करायच्या, मग बॅनर धरून फोटो, संध्याकाळी लिंक्डइनवर पोस्ट. आपल्याला हसू येतं. पण त्या बाटल्यांनी भरलेलं पोतं खरं असतं ना! गडाला काय फरक पडतो, कोणी कशासाठी वाकलं? आपल्या क्षेत्रातलंच घ्या. एखादा पोरगा रेझ्युमेत एक ओळ वाढावी म्हणून ओपन सोर्समध्ये कोड लिहितो. तो कोड उद्या एखाद्या हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये चालेल. पेशंटला त्या पोराच्या रेझ्युमेशी घेणं नाही. अॅडम स्मिथने १७७६ साली याच धर्तीचं मांडलं होतं. आपल्या ताटात भाकरी येते ती दुकानदाराच्या दयेपोटी नाही, तो स्वतःचा फायदा बघतो म्हणून.

आणि लोणावळ्याला तर हा सिद्धांत डोळ्यांनी दिसतो. वळवण, शिरोता, लोणावळा ही तळी आपण फिरायला जातो म्हणून आपल्याला निसर्ग वाटतात. ती टाटांच्या वीज कंपनीने बांधलेली आहेत. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस अडवायचा, पाइपातून खाली खोपोलीला सोडायचा, आणि त्या जोरावर जनित्रं फिरवायची. १९१५ साली खोपोलीहून मुंबईला वीज गेली, ती प्रामुख्याने कापडगिरण्यांसाठी. गिरण्यांना स्वस्त वीज हवी होती, भांडवल घालणाऱ्यांना परतावा हवा होता. यात कोणी संन्यासी नव्हतं. पण कोळसा जाळायची गरज कमी झाली, शहर उजळलं, हजारो हातांना काम मिळालं. स्वार्थ लोकांच्या कामी आला का? मुंबईत उभं राहून विचारलं तर उत्तर सरळ 'हो' येतं.

आता तोच प्रश्न शेजारच्या मुळशी पेट्यात उभं राहून विचारू. तिथे पुढचं धरण येऊ लागलं तेव्हा १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर उभे राहिले. बापटांना आपण आज 'सेनापती' म्हणतो ते या लढ्यापासूनच. १९२४ पर्यंत झुंज चालली. शेवटी धरण झालंच. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली भाताची खाचरं, गावं, देवळं पाण्याखाली गेली. वीज इथेही तीच, उपयोगही तोच. पण ज्याचं घर बुडालं त्याला 'एकूण मानवतेचं भलं झालं' हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

गुरू नानकांच्या चरित्रातली मलिक भागोची साखी मला इथे आठवते. सैदपूर गावात नानकदेव लालो नावाच्या सुताराकडे उतरले होते. त्याच गावच्या मलिक भागो या बड्या अधिकाऱ्याने मोठं अन्नदान काढलं आणि सगळ्यांना आमंत्रण दिलं. नानकदेव गेले नाहीत. भागोचा अपमान झाला. त्याने बोलावून घेतलं, जाब विचारला. साखी सांगते की नानकदेवांनी एका हातात लालोची कोरडी रोटी धरली, दुसऱ्यात भागोच्या पंगतीतली पुरी, आणि दोन्ही पिळल्या. एकीतून दूध निघालं, दुसरीतून रक्त.

ही गोष्ट लहानपणी ऐकली की चमत्कारावर लक्ष जातं. मला आता भागोच्या पंगतीत जेवून गेलेले लोक आठवतात. त्यांची पोटं खरंच भरली होती! अन्न खोटं नव्हतं. भागोला नाव हवं होतं, आणि त्या नावाच्या हौसेतून शेकडो जण जेवले असतील. म्हणजे अहंकाराने लोकांची सेवा झाली, हिशेबाने बघितलं तर. नानकदेव तो हिशेब नाकारत नाहीत, ते फक्त एक पायरी मागे जाऊन विचारतात की हे पीठ आलं कुठून. पोतं कोणाच्या घरून उचललं?

लालोचा स्वार्थ त्यांना चालला, हेही विसरू नका. लालो काही फुकट खाटा बनवत नव्हता, मजुरी घेत होता. शीख परंपरेत 'किरत', म्हणजे स्वतःच्या मेहनतीची प्रामाणिक कमाई, ही साधनाच मानतात. नानकदेव स्वतः करतारपूरला शेती करत. त्यातला दसवंध, दहावा हिस्सा, वाटायला काढायचा. उरलेले नऊ हिस्से घरचे, आणि त्याबद्दल कोणी तुम्हाला पापी म्हणत नाही. आपल्याकडे कधी कधी पगार घेणारा माणूस म्हणजे कमी दर्जाचा भक्त, असा एक छुपा सूर असतो. तो मला इथे सापडत नाही, आणि नोकरदार माणूस म्हणून मला त्याचं फार बरं वाटतं.

पण मग माझ्या मित्राचं टोचणं? त्याचं पीठ तर स्वच्छ आहे. त्याच्यासाठी दुसरी साखी, भाई मंझ यांची. हे गावचे श्रीमंत चौधरी. पाचवे गुरू अर्जनदेव यांच्याकडे आले, सगळं सोडून लंगरात भांडी घासू लागले, जंगलातून लाकडं आणू लागले. एके दिवशी गुरूंनी सहज विचारलं, जेवता कुठे? म्हणाले, लंगरातच, सगळ्यांबरोबर. गुरू म्हणाले, मग ही मजुरी झाली, सेवा कसली?

वाचताना मी दचकलो. दोन वेळचं जेवण, तेही सगळ्यांना मिळतं तेच! त्याची सुद्धा नोंद? भाई मंझ रुसले नाहीत, वादही घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून आधी स्वतःच्या पोटापुरती लाकडं तोडून विकायची आणि मग लंगरची लाकडं आणायची, असं त्यांनी सुरू केलं. पुढे एकदा वादळात मोळीसकट विहिरीत पडले. लोक दोर घेऊन धावले तर हे पाण्यात उभे, डोक्यावर मोळी धरून, म्हणतायत, आधी लाकडं वर घ्या, लंगरची आहेत, कोरडी राहू देत.

या साखीत गुरूंनी 'मन शुद्ध नाही, चालते व्हा' असं म्हटलेलं नाही. काम एक दिवसही थांबलं नाही. फक्त मोबदला कुठून शिरतोय ते छिद्र दाखवून दिलं. जेवण, नाव, फोटो, 'बघा मी किती साधा' ही भावना, सगळे पगारच. माझ्या मित्राने ते छिद्र स्वतःच बघितलं, ही खरं तर मोठी गोष्ट आहे. पण छिद्र दिसल्यावर त्याने घागरच ठेवून दिली.

लंगरची रचनाच या आजाराला धरून केलेली दिसते. सगळे जमिनीवर, एका ओळीत. प्रशाद्यावर लाटणाऱ्याचं नाव उमटत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ महामार्गावरच्या लंगरात, ऐंशी ओलांडलेल्या बाबा करनैलसिंग खैरांच्या देखरेखीखाली, चालत घरी निघालेल्या मजुरांना आणि ट्रकवाल्यांना जेवण मिळत होतं, आसपास सगळं बंद असताना. तिथे पीठ मळणाऱ्यांपैकी एकाच्याही मनात 'मी' नव्हता असं मी म्हणणार नाही. असणारच. पण पुढे निघालेल्या मजुराच्या पोटात तो 'मी' गेला नाही, रोटी गेली.

आता औषधाची गोष्ट, आणि इथे आपल्याला आपल्याच घरी यायचंय.

तेरढोकीला संतांचा मेळा भरला होता. मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणाल्या, तुम्ही कुंभार, सांगा बघू यातलं कच्चं मडकं कोणतं. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव उसळले. साक्षात विठ्ठलाशी बोलणारा मी, माझ्या डोक्यावर थापटणं? काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

आपण ही कथा नामदेवांची फजिती म्हणून सांगतो. पण पुढे काय झालं ते बघा. नामदेव दुखावले, रडत विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. तक्रार शंभर टक्के हौमैची होती. आणि विठ्ठलाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडलं. तिथे विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी टोकलं तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव बाबा. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड. (नानकदेवांची मक्केची साखी ठाऊक असलेल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. पाय तेच, दिशा तीच.)

डोकं फुटलं नसतं तर नामदेव पंढरीतच, विठ्ठलाचे लाडके म्हणून बसून राहिले असते. त्यांना औंढ्याच्या रस्त्याला लावलं ते दुखावलेल्या 'मी'नेच. प्रोग्राममधला बग शोधायला तोच प्रोग्राम चालवावा लागतो, बंद करून ठेवलेल्या मशीनमध्ये काहीच सापडत नाही, तसं काहीसं. अंगददेवांचं औषध मला या गोष्टीत समजलं. आणि गुरूची कृपा ही अट का घातली तेही समजलं, कारण दुखावलेला 'मी' स्वतःच्या मर्जीने औंढ्याला जात नाही, तो घरी जाऊन दार लावून घेतो. त्याला कोणीतरी पाठवावं लागतं.

तेच नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथाचं संकलन पूर्ण केलं त्यात त्यांची पदं आली. हे तेच अर्जनदेव, भाई मंझ यांना जेवणाबद्दल विचारणारे. आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी त्या ग्रंथाला गुरुपद दिलं ते नांदेडला, नामदेवांच्या नरसीच्या शेजारच्या जिल्ह्यात.

मित्राला काल भाई मंझ यांची साखी पाठवली. अजून निळ्या खुणा आलेल्या नाहीत. बीजींना मात्र दोनच दिवसांपूर्वी फोनवर विचारलं होतं की तुम्हाला कधी टोचत नाही का हो, कोणी नाव घेतलं नाही की. हसल्या आणि म्हणाल्या, "रोज टोचतं रे पुत्तर. म्हणून तर रोज जाते."

उद्या नामदेव महाराजांचं गुरू ग्रंथ साहिबातलं एक पद घेऊ.

राम कृष्ण हरी. वाहेगुरू.