काटकसर कोणाच्या वाट्याची?

सरकारने आपला खर्च आवरला पाहिजे, या म्हणण्यावर सहसा कोणाचा आक्षेप नसतो. वाद उत्पन्न होतो तो कोणता खर्च आवरावा, या पुढल्या प्रश्नावर. ज्याच्या ताटातला घास कमी होतो तो ओरडतो; इतरांना ते ओरडणे स्वार्थाचे वाटते; आणि ओरड पुरेशी मोठी झाली म्हणजे सरकार कपात मागे घेते. लोकशाहीत हे असेच व्हावयाचे, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. परंतु लोकक्षोभ हे न्यायाचे माप मानता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. जयपुरात नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना तर तो टाळताच येत नाही. कपातीची टिपणे लिहिणारे हात आमचेच असतात, आणि कपात सोसणाऱ्यांतही आम्ही असतोच.

निवृत्तिवेतनाचेच उदाहरण घेऊ. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांसाठी, सैन्यदले वगळून, जुनी पेन्शन बंद झाली. अखेरच्या वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी गेली. तिच्या जागी पगारातून दरमहा दहा टक्के कापून, त्यात सरकारचा वाटा घालून, बाजारात गुंतविण्याची नवी पद्धत आली. राजस्थाननेही तोच दिवस धरला. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ हा धरला. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नसून सेवकाने आयुष्यभराच्या सेवेने मिळविलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सांगितले होते, आणि त्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. तेव्हा कर्मचाऱ्यांचा राग निराधार होता, असे कोणी म्हणू नये. शेजारशेजारच्या दोन टेबलांवर एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या म्हातारपणाची हमी असावी आणि दुसऱ्याची नसावी, हे कोणालाही बोचणारच.

त्या रागाला फळ आले. २३ फेब्रुवारी २०२२ रोजी येथल्या विधानसभेत अर्थसंकल्प मांडताना मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी जुनी पेन्शन परत देण्याची घोषणा केली. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी आठवडाभर संप केला. केंद्रानेही १ एप्रिल २०२५ पासून, पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्यास अखेरच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे देणारी नवी योजना आणली. ज्यांच्या हाती फायली, टपाल, शाळा आणि रुग्णालये आहेत, त्यांनी हात थांबविला म्हणजे राज्याला ऐकावेच लागते.

आता याच राज्यातील दुसरी काटकसर पाहा. २०१४ साली राजस्थान सरकारने कमी पटसंख्येचे कारण देऊन सुमारे सतरा हजार सरकारी शाळा इतर शाळांत विलीन केल्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाच्या वस्तीजवळ शाळा देणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले होते. कागदावर शाळा ‘एकत्र’ झाल्या. पण ज्या ढाणीतली शाळा गेली, तेथल्या सहासात वर्षांच्या मुलीला आता वाळूतून लांब चालावे लागले. तेव्हाही निषेध झाले, आणि काही शाळा पुन्हा वेगळ्या करण्यात आल्या. परंतु एका ढाणीचा राग दुसऱ्या ढाणीपर्यंत पोहोचावयास जी संघटना लागते, ती त्यांच्यापाशी नव्हती. त्या मुलीने संप करावयाचा तो कशाचा? ती शाळेत गेली नाही, तर राज्याचे काहीच अडत नाही.

‘बोलणाऱ्याचे कुळीथही विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. बाजारात हे चालेल; राज्याच्या तिजोरीपाशी तोच नियम लागू झाला तर तिला न्यायाचे स्थान म्हणता येणार नाही. लोकक्षोभाने कोठे दुखते आहे हे कळते, म्हणून तो ऐकलाच पाहिजे. पण किती दुखते हे त्याच्या आवाजावरून ठरविता येत नाही. तो आवाज बहुधा दुखण्याचा नसून संघटनेचा असतो.

मौनाचे आणखी एक कुटुंब आहे. २००४ नंतर सेवेत आलेले बहुतेक जण २०३४ च्या पुढे निवृत्त होतील. आज परत दिलेल्या हमीचे खरे ओझे तेव्हा येईल. अतिशय ताणाखालील राज्यांत राजस्थानची गणना रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२२ सालीच केली होती. ते ओझे वाहणारे आज शाळेत आहेत, किंवा जन्मालाही आलेले नाहीत. त्यांचा मोर्चा स्टॅच्यू सर्कलवर कधीच येणार नाही. म्हणून आमची मागणी अन्याय्य ठरते असे नव्हे. पण ती मांडताना त्यांचे नाव घेण्याची जबाबदारी आमच्यावर येते.

येथे नामदार गोखल्यांची आठवण होते. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर भाषण केले, तेव्हा सरकारी शिल्लक वाढत होती आणि दुष्काळाने पिचलेली रयत मिठावरही कर देत होती. त्या रयतेपैकी कोणी कलकत्त्यास गेले नव्हते. आकडे वाचता येणारा एक माणूस त्यांच्या वतीने उभा राहिला, एवढेच. पुढल्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

गोखल्यांचे व्यासपीठ आमच्यापाशी नाही, आणि सेवेचे नियम आमच्या जिभेला लगाम घालतात, हे खरे. परंतु टिपण आमच्या हातचे असते. कपातीच्या प्रस्तावात किती रुपये वाचतील हा रकाना आम्ही न चुकता भरतो. ते कोणाच्या वाट्यातून वाचतील आणि त्याला दाद मागावयास जागा आहे काय, हेही तेथे दोन ओळींत लिहिता येते. वरिष्ठ कदाचित त्या ओळी खोडतील. तरी खोडण्यासाठी त्यांना त्या वाचाव्या तर लागतीलच. स्वतःच्या पेन्शनीसाठी ज्या तळमळीने आम्ही अर्ज लिहितो, त्याच्या निम्म्या तळमळीने त्या दोन ओळी लिहिल्या, तर आमच्या हक्काच्या मागणीलाही नैतिक बळ येईल, असे आम्हांस वाटते.