प्रश्न आधी, नावे नंतर

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले ३२,७७१ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी शशिकांत शिंदे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. त्याच मतदान यंत्रावर नुसती पिपाणी घेऊन उभ्या असलेल्या एका अपक्षाला ३७,०६२ मते पडली. त्यातली चुकून किती आणि जाणूनबुजून किती, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही.

शेजारच्या सांगलीत याच्या उलटे घडले. २०१९ला बॅट घेऊन हरलेले विशाल पाटील २०२४ला अपक्ष म्हणून लिफाफा घेऊन उभे राहिले आणि भाजपच्या संजयकाका पाटलांवर लाखाच्या फरकाने मात करून गेले. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार, पैलवान चंद्रहार पाटील तिसरे आले. चिन्ह बदलले, पक्ष सुटला, तरी सांगलीकरांनी हवा तो माणूस यंत्रावर बरोबर शोधला. तेव्हा मतदाराला काही कळत नाही, त्याला शहाणे केले पाहिजे, या सुरात बोलणाऱ्यांनी सांगलीचा निकाल आधी वाचावा.

पक्ष हे माप आता पुरेसे राहिलेले नाही, हे मतदारालाही ठाऊक आहे. उदयनराजे मे २०१९मध्ये राष्ट्रवादीकडून जिंकले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून हरले आणि २०२४ला भाजपकडूनच लोकसभेत पोचले. पक्ष वजा केला की माणूस उरतो. तो जोखायचा कशावर?

आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले आहे: ओळख. दहाव्याला आला होता का, पुण्याच्या दवाखान्यात फोन केला का, पोराला कारखान्यात चिकटवले का. ही माहिती खोटी नाही आणि क्षुल्लक तर नाहीच. अडीअडचणीला सरकार दारात येत नाही, तिथे माणूसच उपयोगी पडतो. पण या कसोटीवर सरपंच, झेडपी मेंबर, आमदार आणि खासदार सगळे एकाच रांगेत उभे राहतात. नळाला पाणी नाही म्हणून आपण खासदाराला शिव्या देतो, आणि जे खरोखर दिल्लीत ठरते त्याचा जाब त्याला कधी विचारत नाही.

दिल्लीत काय ठरते? उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी. साखरेचा किमान विक्रीदर, जो २०१९च्या फेब्रुवारीत किलोला ३१ रुपये झाला आणि २०२४च्या मतदानापर्यंत तिथेच होता. उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावरचे निर्बंध, जे मतदानाच्या जेमतेम पाच महिने आधी आले. बेदाण्यावरचा जीएसटी. पुणे–सातारा महामार्गाचे काम आणि टोल. कर्नाटकातल्या अल्मट्टी धरणाची उंची, जिच्याकडे २०१९चा महापूर पाहिलेला सांगलीकर धास्तीने बघतो. यावर उमेदवार काय म्हणतो, निवडून आला तर कुठे आणि काय मांडणार, हे शेजारीशेजारी ठेवून वाचायला मिळाले, तर तुलना म्हणता येईल.

सध्या हाताशी आहे ते प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण सांगणे उमेदवाराला बंधनकारक झाले. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही मिळते. ते उघडून बघावे. स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब, अवलंबून असलेले, असे रकाने. सोन्याचे तोळे, गट नंबर, बँकेची देणी, स्कॅन केलेले पानामागून पान. पण आपल्या भागातल्या सत्तेचे मुख्य घर त्यात सापडत नाही. ज्या सहकारी कारखान्याचा उमेदवार चेअरमन असेल, तो कारखाना त्याची मालमत्ता नव्हे. त्यामुळे त्या कारखान्याने गेल्या हंगामाचे उसाचे पैसे वेळेवर दिले की थकवले, याला प्रतिज्ञापत्रात रकाना नाही. संस्था त्याच्या मालकीची नसते, चालते मात्र त्याच्या शब्दावर. हा रकाना आपणच आखायला हवा.

आणि तो आधी आखायला हवा. २०२४ला माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मतदान ७ मेला झाले. रिंगणात नेमके कोण, हे कळल्यावर पंधरा दिवस. तोवर गावात गट पडलेले असतात. अशा वेळी थकीत बिलाचा प्रश्न काढला की पहिला सवाल येतो, ‘तू कुणाकडून बोलतोयस?’ नाव पुढे आले की प्रश्नालाही बाजू चिकटते. नावे ठरायच्या आधी ठरलेला प्रश्न मात्र कुणा एकाविरुद्ध नसतो.

तेलंगणातल्या निजामाबादने हे करून दाखवले. हळदीला बोर्ड आणि भाव हवा, हा प्रश्न घेऊन २०१९ला तिथले १७०हून अधिक शेतकरी स्वतः उमेदवार झाले. भाजपच्या डी. अरविंद यांनी बोर्ड आणण्याचे वचन चक्क बाँड पेपरवर लिहून दिले, आणि ते जिंकले. पुढची पाच वर्षे तो कागद त्यांची पाठ सोडेना. २०२३च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा झाली, २०२५च्या जानेवारीत मुख्यालय निजामाबादला सुरू झाले. मंडळाने किती भले होईल तो वेगळा वाद. पण हळदीची पेठ म्हणून देशभर नाव सांगलीचे, आणि सांगलीत २०१९ला कुठल्या उमेदवाराकडून असे काही लिहून घेतले गेले?

पावणेदोनशे अर्ज भरण्याची गरज नाही. निवडणुकीच्या वर्षभर आधी वाचनालये, महाविद्यालये, पाणी वापर संस्था यांनी मिळून आठ-दहा प्रश्न ठरवावेत. फलटण-माणचा मतदार सातारा जिल्ह्यातला असूनही माढ्याला मत देतो, सांगलीतल्या वाळवा-शिराळ्याचा हातकणंगल्याला. तेव्हा प्रश्न जिल्ह्याचे नव्हे, मतदारसंघाचे हवेत. जो कुणाच्या प्रचारात असेल त्याने या कामात नसावे. पिपाणीवाल्या अपक्षालाही तेवढीच जागा द्यावी. आणि ज्याने उत्तर दिले नाही, त्याच्या नावापुढे तसे स्पष्ट छापावे. प्रतिज्ञापत्रात रकाना रिकामा सोडता येत नाही, इथे रिकामा रकाना हीच माहिती.

एवढे करूनही कुणी भावकीसाठी, कुणी गादीसाठी, कुणी उपकाराची जाण ठेवून मत देईल. तो त्याचा हक्क आहे, आणि तुलनेचा हेतू तो हिरावणे हा नाहीच. मत कुणालाही पडो, निवडून येणाऱ्याला पाच वर्षांनी हाच कागद पुन्हा पुढे येणार हे माहीत असले पाहिजे. आज त्याला फक्त माणसे सांभाळावी लागतात, कारण आपण हिशेब तेवढ्याचाच मागतो.