क्रियापदाचा कर्ता

इंडोनेशियन भाषेत ‘मेनिंदास’ असे एक क्रियापद आहे. वर भार टाकून दाबणे हा त्याचा एक अर्थ. जुलूम करणे हा दुसरा. त्याच भाषेतील ‘मेमेरास’ नारळाचे दूध पिळण्यासही चालते आणि माणसास लुबाडण्यासही. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. आपल्याकडेही धुणे पिळतात आणि कूळही पिळतात.

आम्हांस अधिक विचारार्ह वाटते ते या क्रियापदाचे व्याकरण. ‘तिंदास’ या मूळ शब्दास ‘मे’ हा उपसर्ग लागला की दाबणारा पुढे येतो. ‘दि’ लागला की दाबला जाणारा. ‘तेर’ लागून ‘तेरतिंदास’ झाले, की केवळ दडपलेली अवस्था उरते. ती कोणी आणली हे सांगावे लागत नाही.

मराठीतील ‘दलित’ हा शब्दही असाच, चिरडला गेलेला एवढेच सांगणारा. परंतु १९७२ साली दलित पँथरच्या तरुणांनी तो स्वतःस लावला, तेव्हा ‘कोणी चिरडले?’ हा प्रश्न त्यातच उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी तर ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) लिहिताना भिक्षुकांपासून गोऱ्या अंमलदारांपर्यंत कर्ते स्पष्ट सांगितले. सोसणारा कर्ता गाळतो तेव्हा तो जाब विचारीत असतो. सुखवस्तू माणूस गाळतो तेव्हा तो बहुधा स्वतःस वगळीत असतो.

बंगळुरातील सर्जापूर रोडवरच्या उंच इमारतींत आज कितीतरी मराठी संसार थाटलेले आहेत. तेथे सहज कानी पडते, ‘कामवाल्या बायांना पगारी सुट्टी मिळत नाही हो!’ जणू ती सुट्टी पावसानेच अडवून धरली आहे. कर्नाटक सरकारने २००४ साली घरकामास किमान वेतन लागू केले. वेतन म्हटले की ते देणारा कोणीतरी असावाच लागतो.

यावर कोणी म्हणेल, ही रीत आम्ही पाडलेली नाही, आणि प्रत्येक गैरसोयीस जुलूम म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. हे आम्हांस मान्य आहे. तथापि रीत समाजाची असली, तरी सुट्टी देणे ज्याच्या त्याच्या हाती असते. तेव्हा ते वाक्य एकदा कर्त्यासह उच्चारून पाहावे, ‘मी सुट्टी देत नाही.’ मग दोनच मार्ग उरतात: सुट्टी द्यावी, किंवा न देण्याचे कारण त्या बाईंसमोर सांगावे.