किलिनचे स्टेशन

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात किलिन नावाचे एक लहान गाव आहे. मी ते पाहिलेले नाही, पाहण्याचा संभवही नाही. पण तेथल्या स्टेशनाची हकीगत वाचल्यापासून माझ्या मनाला जी टोचणी लागली आहे, ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

ओबानकडे जाणारा मोठा लोहमार्ग १८७० साली ग्लेन ओगल या घाटापर्यंत आला. घाटमाथ्यावरच्या स्टेशनाला नाव किलिनचे, पण किलिन गाव खाली खोऱ्यात, काही मैलांवर! शेवटी तिथल्या जमीनदाराने पुढाकार घेतला, गावकऱ्यांनी साथ दिली, आणि १८८६ मध्ये पाचेक मैलांचा स्वतःचा फाटा त्यांनी सुरू केला. पन्नास फुटांना एक फूट असा चढ. ही चिमुकली कंपनी १९२३ पर्यंत स्वतंत्र राहिली. मला तर याचेच अधिक कौतुक वाटते.

१९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला. एकतृतीयांश लोहमार्गावर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम शंभरावा हिस्सा चालतो, असे त्यांनी दाखवले आणि दोन हजारांवर स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. किलिनचा फाटा नोव्हेंबर १९६५ च्या आरंभी बंद व्हायचा होता. पण २७ सप्टेंबरलाच ग्लेन ओगलमध्ये दरड कोसळली आणि तेवढे दिवसही गाडीला लाभले नाहीत.

बीचिंगना खलपुरुष ठरवणे सोपे आहे. रेल्वेचा तोटा खरा होता, आणि रिकाम्या डब्यांचा खर्च कुणीतरी भरतच होता. माझे अडते ते मोजणीपाशी. ग्लासगोला काढलेल्या तिकिटाचे पैसे ग्लासगोच्या खाती जमा. उतारू उतरणार किलिनला, पण किलिनच्या वहीत त्याचा पत्ता नाही. आणि १९६२ च्या कायद्याने आक्षेप घेणाऱ्यांना समितीपुढे आपले हाल तेवढे सांगण्याची मुभा दिली होती. हिशेबच चुकला आहे, असे कुणी म्हणू लागला तर ते ऐकणे त्या समितीचे काम नव्हते.

हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण मला आमची वाडी आठवली. काही वर्षांपूर्वी तेथल्या शाळेची पटसंख्या मी स्वतःच्या हाताने लिहून दिली : सात. आकडा खरा होता. त्यावर शाळा बंद झाली, मुले ओढ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत गेली, आणि पहिल्याच पावसाळ्यात दोन मुलींचे जाणे थांबले. सात मुलांमागे एक मास्तर आणि पलीकडे चाळीस मुलांना मास्तर अपुरा, हे मला समजत नव्हते थोडेच? आजही मला तो निर्णय सरसकट अन्यायाचा म्हणवत नाही. पण खरा आकडा लिहिल्याने मी खरे बोललो असे होते काय? विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. प्रश्न बरोबर विचारला होता की नाही, हे पाहणे कुणाचे काम?

त्या मुलींपैकी एकीच्या घरी मी समजूत घालायला गेलो होतो. तिच्या बापाने घोंगडी अंथरली, चहा सांगितला आणि शांतपणे म्हणाला, "गुरुजी, सातच कशी लिहिलीत? पाळण्यातली दोन धरली नाहीत?"

तसा रकाना नव्हता, असे मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली.