खराटा आणि खंजिरी



तरुणपणी मी नागपुरात कीर्तनाला उभा राहू लागलो. ज्या कीर्तनकारांना मी फार मानायचो, त्यांची बोलण्याची लकब, हातवारे, अगदी उपरण्याची घडीसुद्धा मी उचलली होती. एकदा कीर्तन आटोपल्यावर एक म्हातारे टाळकरी जवळ आले आणि हळूच म्हणाले, “महाराज, आवाज तं त्याइचा आयकला. तुमचा कवा आयकाले भेटन?” मला राग आला, पण त्या रात्री झोप लागली नाही.

मग थोरांकडून शिकायचे तरी काय? याचे उत्तर आपल्या विदर्भातच आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा १९०९ चा. दोघेही अमरावती जिल्ह्यातले. गाडगेबाबा तुकोबांचे अभंग कीर्तनात सांगत. पण तुकोबांसारखे अभंग रचायला बसले नाहीत. अक्षरओळख नसलेल्या त्या पुरुषाने हाती खराटा घेतला, दिवसा गाव झाडले आणि रात्री आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत कीर्तन केले. पंढरीत त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या.

तुकडोजी महाराजांना गाडगेबाबांविषयी मोठा आदर होता. तरी त्यांनी डोक्यावर गाडगे घेतले नाही. त्यांच्या हाती खंजिरी होती. ती त्यांनी सोडली नाही. गाव स्वच्छ व्हावे, माणूस व्यसनातून सुटावा, ही तळमळ मात्र दोघांची एकच. ती खंजिरीच्या भजनातून गावोगाव पोचली, ग्रामगीतेत उतरली. आज आपल्या नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

पाहा माउली, तळमळ घ्यायची असते. वेष आपला आपल्याला असतो.

पण इथे आणखी एक खड्डा आहे. “माझा स्वभावच असा” म्हणून आपण आळसाला, रागाला पांघरूण घालतो आणि त्यालाच स्वतःशी प्रामाणिक राहणे म्हणतो. सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, हे खरे. पण त्या मळ्यात ते घाम गाळत होते. मळा ही त्यांची सबब नव्हती. संतांची संगत आपल्या स्वभावातले तण उपटायला असते, पीक उपटायला नव्हे.

घरी आईवडील अंथरुणाला खिळले म्हणून तुमची यंदाची वारी चुकली असेल, तर शेजाऱ्याच्या पायी वारीशी स्वतःला तोलू नका. पुंडलिकाने काय केले ते आठवा. आणि सवड असूनही टाळली असेल, तर पुंडलिकाचे नाव पुढे करू नका.

आज हरिपाठ झाल्यावर घटकाभर बसा. ज्यांना तुम्ही मानता, त्यांची कोणती तळमळ आज तुमच्या हातून, तुमच्या कामातून दिसली, एवढेच मनाला विचारा. उत्तर विठ्ठलासमोर द्यायचे आहे, त्यामुळे खरेच द्याल.

रामकृष्ण हरी.